केशवर्धनाचीं जुनीं-नवीं साधनें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जणांस हंसूं येईल. टक्कल हा आपल्याकडे पूर्वींपासून थट्टेचा विषय आहे, आणि त्यावर गंभीरपणें बोलण्यासारखें काय आहे असें एखाद्यास वाटणें साहजिक आहे. परंतु जळगांवांतील किंवा धुळ्यांतील एखाद्या हमरस्त्यानें हल्लीं आपण चाललों, तर त्वचेच्या व केसांच्या उपचारांच्या पाट्या जागोजाग दिसतात. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द त्यांवर मोठ्या अक्षरांत असतो. तुमच्याच रक्तांतून काढलेल्या सत्त्वानें तुमचें विरळ झालेलें डोकें पुन्हां भरून येईल, असें त्यांचें सांगणें असतें. घरोघरीं त्याची चर्चा चालते. मुलगा चोविशींतच कपाळाच्या दोन्ही बाजूंनीं उजाड होऊं लागला आहे, मुलीचा भांग रुंदावत चालला आहे, लग्नाचें पाहावयाचें आहे; तेव्हां या उपचारांत हजारों रुपये घालावे कीं नाहीं, असें आईबाप एकमेकांस विचारीत असतात.

मी वैद्य नाहीं. मुलांना इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक निवृत्त शाळामास्तर आहें. पण हा प्रश्न आजचा नाहीं, आणि जुन्या प्रश्नाचा मागला वृत्तांत ठाऊक असला म्हणजे नवें उत्तर पारखावयास सोपें जातें. म्हणून आज या उपचारांची गुणदोषचर्चा करण्यापूर्वीं त्यांची वंशावळ आपल्यापुढें मांडावी असें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतों. केसांची काळजी म्हणजे नुसता नट्टापट्टा असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्याच समाजाचा इतिहास आठवावा. पति निवर्तल्यावर विधवेचे केस उतरवून तिला विद्रूप करण्याची चाल महाराष्ट्रांतील ब्राह्मणादि जातींत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. तिच्याविरुद्ध सत्यशोधक मंडळींनीं आवाज उठविला. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाहीं असा निश्चय त्या लोकांनीं केला. ज्या समाजानें केस काढून घेण्याचा उपयोग शिक्षा म्हणून केला, त्या समाजानें केस जाण्याचें दुःख क्षुद्र आहे असें तरुणांस सांगूं नये. तें दुःख खरें आहे, आणि खरें आहे म्हणूनच त्यावर पुष्कळांनीं पैसा मिळविला आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आपल्याकडील वैद्यकांत या विकाराचें सर्वांत व्यवस्थित वर्णन सुश्रुतसंहितेंत सांपडतें. तेथें तो क्षुद्ररोगांत, म्हणजे लहानसहान विकारांत घातलेला आहे. वातानें युक्त झालेलें पित्त केसांच्या मुळांशीं जाऊन केस गाळतें, आणि त्यानंतर रक्तासह कफ तीं रंध्रें बुजवून टाकतो, म्हणून तेथें दुसरे केस येत नाहींत, अशी सुश्रुताची उपपत्ति आहे. वात, पित्त, कफ हे शब्द क्षणभर बाजूस ठेवा आणि निरीक्षण काय आहे तें पाहा. केस गळणें ही एक घटना, आणि गळलेल्या जागीं नवा न येणें ही दुसरी, असे दोन भाग त्यानें वेगळे केले आहेत. हा भेद फार महत्त्वाचा आहे. कारण केस सर्वांचेच गळतात. निरोगी मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि त्यांपैकीं पन्नास ते शंभर रोज पडतात. पडलेल्याच्या जागीं दुसरा आला नाहीं, किंवा आला तो बारीक आला, तर मात्र टाळू दिसूं लागते.

पुढें वाग्भटानें अष्टांगहृदयांत आणखी एक पाऊल टाकलें. इंद्रलुप्तांत केस एकाएकीं जातात आणि खलतींत क्रमाक्रमानें जातात, असा फरक त्यानें सांगितला; आणि जी खलति तिन्ही दोषांनीं झालेली असून जींतील त्वचा नखासारखी तुकतुकीत झाली आहे, ती असाध्य म्हणून सोडून द्यावी असें स्पष्ट लिहिलें. आजचा त्वचारोगतज्ज्ञहि गुळगुळीत, चकचकीत झालेली टाळू पाहिली कीं, येथें केशमुळेंच राहिलेलीं दिसत नाहींत, तेव्हां औषधाचा फारसा उपयोग होणार नाहीं, असेंच सांगतो.

उपचारांची यादी तर मोठीच आहे. डोक्याची शीर सोडून रक्त काढावें आणि मग मिरीं, मनशीळ, हिराकस व मोरचूद यांचा लेप द्यावा, असें सुश्रुत सांगतो; किंवा त्वचेवर खोल फांसण्या माराव्या आणि गुंजांचा कल्क पुनःपुन्हां लावावा, असाहि पर्याय देतो. कोणा श्रोत्यानें हें घरीं करून पाहूं नये. मनशिळेंत सोमल असतो आणि गुंज ही विषारी आहे. सौम्य उपायांत भृंगराजाचें, म्हणजे आपल्या माक्याचें तेल आहे, तें तर सर्वांच्या परिचयाचेंच आहे.

तेव्हां जुन्या वैद्यांनीं तीन गोष्टी सांगितल्या होत्या. विकार कोणत्या जातीचा हें ओळखावें, तो साध्य आहे कीं असाध्य हें ठरवावें, आणि मग औषध द्यावें. पुढच्या हजार-बाराशें वर्षांत लोकांच्या हातीं यांपैकीं तिसरी गोष्टच काय ती राहिली. पहिल्या दोन ग्रंथांतच पडून राहिल्या. माझ्या आजच्या भाषणाचा सारा मुद्दा एवढाच आहे.

खानदेश हा तेलबियांचा मुलूख. तीळ, भुईमूग, करडई, सरकी यांचें तेल येथें घाण्यावर निघे, आणि पुढें गिरण्यांतून निघूं लागलें. आज विप्रो या नांवानें संगणकाच्या धंद्यांत जगभर ओळखली जाणारी कंपनी मुळांत २९ डिसेंबर १९४५ रोजीं अमळनेरास वनस्पति तेलाच्या धंद्यासाठींच स्थापन झाली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. अशा मुलुखांत केसांचें औषध म्हणजे तेल हें समीकरण घट्ट बसलें यांत नवल नाहीं. तिळाच्या तेलांत माका किंवा जास्वंद कढवून तें गाळून ठेवावयाचें, आणि आठवड्यांतून एकदां आजीनें नातीच्या डोक्यावर तें जिरवावयाचें, हा घरचा रिवाज होता. त्या तेलानें केस मऊ राहात, तुटत कमी, आणि आजीच्या हातानें डोकें शांत होई. एवढा गुण त्यांत खात्रीनें होता, आणि आजी त्याहून अधिक कांहीं कबूलहि करीत नसे.

पुढें मात्र कबूल करणारे आले. आगगाडी आली, आणि १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय केली, म्हणजे माल घरीं पोंचल्यावर पैसे द्यावयाचे. त्यायोगें दूरदूरच्या शहरांतील बाटलींतलें औषध लहान गांवांत पोंचूं लागलें. कलकत्त्यास सी. के. सेन यांच्या कारखान्याचें जबाकुसुम तेल १८७८ पासूनचें. तेथीलच हेमेंद्रमोहन बोस यांचें कुंतलीन तेलहि असेंच गाजलें. या बोसांनीं आपल्या तेलाच्या जाहिरातीसाठीं कथांची स्पर्धा लाविली. अट अशी कीं, कथेंत तेलाचें नांव यावें, पण ती जाहिरात वाटूं नये. १८९६ सालचें पहिलें बक्षीस ज्या कथेस मिळालें, तिचे लेखक पुढें जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस हे होते. तापानें केस गेलेला एक गृहस्थ समुद्रप्रवासास निघतो, मुलीनें दिलेली केसांच्या तेलाची बाटली त्याच्याजवळ असते, आणि वादळ उठल्यावर तो ती समुद्रांत ओततो व लाटा शांत होतात, असें तिचें कथानक आहे. तेलानें पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो, या पदार्थविज्ञानांतील गोष्टीवर तें रचलेलें आहे. पण आपणांस त्यांतील दुसरेंच वाक्य उपयोगी आहे. त्या गृहस्थाचे केस तापानें गेले होते. आणि तापानें गेलेले केस पुष्कळदां कोणत्याहि तेलावांचून परत येतात.

हें असें कां होतें? डोक्यावरील प्रत्येक केस आपल्या वेळेनें वाढतो आणि विसांवतो. दोन ते सहा वर्षें तो वाढत असतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. नंतर सुमारें तीन महिने तो थांबतो आणि गळतो, आणि त्याच मुळांतून नवा निघतो. कोणत्याहि क्षणीं शंभरांतले पंचाऐंशी ते नव्वद केस वाढत असतात. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार, शस्त्रक्रिया, जबर मानसिक धक्का अशा कारणांनीं वाढणाऱ्यांपैकीं पुष्कळसे केस एकदम विसांव्यास जातात, आणि दोन-तीन महिन्यांनीं मुठीमुठीनें हातांत येतात. तोंवर ताप विसरलेला असतो, म्हणून कारण लक्षांत येत नाहीं. अमेरिकेंतील क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञानें १९६१ सालीं या प्रकारास स्वतंत्र नांव देऊन त्याचें विवेचन केलें. २०२० व २०२१ सालीं कोविडच्या साथीनंतर घरोघरीं हा अनुभव आला. यांत मूळ शाबूत असतें, आणि कारण दूर झालें कीं बहुधा सहा महिन्यांच्या आंत नवे केस दिसूं लागतात.

माझ्या वर्गांत विषमज्वरांतून उठलेलीं मुलें डोक्याचा चकोट करून येत. चार-सहा महिन्यांनीं त्यांचे केस पूर्वींसारखे होत, आणि वडील मंडळी म्हणत, केस उतरविले म्हणून दाट आले. वस्तऱ्यानें केस दाट होत नाहींत, हें मिल्ड्रेड ट्रॉटर या शारीरशास्त्रज्ञ बाईंनीं १९२८ सालींच मोजमाप करून दाखविलें आहे. केस येणारच होते. श्रेय वस्तऱ्यास मिळालें. त्या जागीं एखादें तेल असतें तर तेलास मिळालें असतें, आणि आज रक्ताची सुई असेल तर सुईस मिळेल.

याचें अगदीं जवळचें उदाहरण आपल्या शेजारीं घडलें आहे. जळगांव जिल्ह्यास पूर्वेकडून लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस एकाएकीं गळूं लागले. डोकें खाजे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं केस हातांत येत, आणि आठवड्याच्या आंत टक्कल पडे. लहान मुलें, कॉलेजांतील तरुण, मुली, वृद्ध यांपैकीं कोणीच सुटलें नाहीं. अठरा गांवांतील २७९ माणसें बाधलीं असा आंकडा प्रसिद्ध झाला. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी साबणास, कोणी बुरशीस. पाण्याचे, त्वचेचे नमुने तपासले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें पथक आलें.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनींहि स्वतः चौकशी केली. विंचूदंशावरील संशोधनानें ज्यांचें नांव जगभर झालें तेच हे डॉक्टर. बाधित लोकांच्या रक्तांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण ३५ पट, मूत्रांत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलें त्यांस आढळलें, आणि जस्ताचें प्रमाण उतरलेलें दिसलें. शिधावाटप दुकानांतून आलेल्या पंजाब-हरियाणाकडील गव्हांत सेलेनियम फार आहे असा त्यांचा निष्कर्ष झाला. सेलेनियम शरीरास अगदीं थोडें लागतें, पण फार झालें तर केस आणि नखें जातात. आणि पुढें एप्रिल २०२५ मध्यें त्याच भागांत नखें गळाल्याच्याहि तक्रारी आल्या. या घटनेंत ठरलेलीं लग्नें मोडलीं, मुलांनीं कॉलेजास जाणें सोडलें, असें डॉ. बावस्करांनीं सांगितलें आहे.

यांतील बोधाची गोष्ट अशी कीं, यथावकाश पुष्कळांचे केस पुन्हां उगवूं लागले. जानेवारींत एखाद्या चतुर माणसानें त्या गांवांत तेलाची गाडी नेली असती, तर मार्चमध्यें त्याला शेंकडों खरीं प्रशस्तिपत्रें मिळालीं असतीं. देणारे खोटें बोलले नसते. त्यांनीं तेल लाविलें होतें आणि त्यांचे केस आले होते. वर्तमानपत्रांतील आणि भ्रमणध्वनीवरील ‘पूर्वीं’ व ‘नंतर’ अशीं दोन छायाचित्रें पाहतांना बोंडगांवची आठवण ठेवावी.

परंतु सर्वच गळती अशी परत फिरणारी नसते. पुरुषांत कपाळापासून आणि माथ्यावरून, आणि स्त्रियांत भांगाच्या रेषेवर जी हळूहळू विरळता येते, ती वाग्भटाची क्रमाक्रमानें होणारी खलति होय, आणि जाहिरातींचा सारा रोख तिच्यावरच असतो. तिच्या कारणाचा शोध मोठा मनोरंजक आहे. षंढास टक्कल पडत नाहीं, हें निरीक्षण ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावरील सूत्रांत आहे. दोन हजारांहून अधिक वर्षें तें तसेंच पडून होतें. १९४२ सालीं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें तें पडताळून पाहिलें. वयांत येण्यापूर्वीं ज्यांचें पौरुष खुंटलें होतें अशा पुरुषांस टक्कल पडलें नव्हतें. पण त्यांस पुरुषसंप्रेरक दिल्यावर, ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस विरळ होऊं लागले. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक हीं दोन्ही लागतात. पुढें १९७४ सालीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील कांहीं कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील पुरुषांत एका विकराची जन्मजात उणीव होती, आणि त्यांचे कपाळावरील केस मागें हटत नव्हते. त्या विकरास अडविणारें फिनास्टेराइड हें औषध प्रथम प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारासाठीं आलें, आणि १९९७ सालीं अमेरिकेंत केसांसाठीं मान्य झालें. कांहीं पुरुषांत त्याचे लैंगिक दुष्परिणाम दिसतात, आणि गर्भवती स्त्रियांस तें वर्ज्य आहे. दुसरें औषध मिनॉक्सिडिल. तें रक्तदाबाच्या गोळ्या म्हणून आलें. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हां १९८८ पासून तें डोक्यास लावण्यासाठीं विकलें जाऊं लागलें. हीं दोन्ही औषधें थांबविलीं कीं मिळालेला लाभ कांहीं महिन्यांत ओसरतो. केस एका जागेचे काढून दुसऱ्या जागीं रोवण्याची शस्त्रक्रिया जपानांत ओकुदा यांनीं १९३९ सालीं वर्णिली होती. युद्धाच्या गर्दींत ती मागें पडली, आणि न्यूयॉर्कच्या ओरेंट्राइश यांनीं १९५९ सालीं ती पुढें आणिली.

आतां पाट्यांवरील नव्या उपचारांकडे येऊं. त्यांत मुख्य पी. आर. पी. हा आहे. दंडांतून थोडें रक्त काढून यंत्रांत फिरवितात. त्यांतील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, ज्या भागांत दाट साचतात तो पिवळसर रक्तरस घेऊन सुईनें टाळूंत ठिकठिकाणीं टोंचतात. जखम भरून येण्यास चालना देणारीं द्रव्यें बिंबिकांत असतात, हा त्यामागील विचार. आरंभीं ही युक्ति जबड्याच्या व हाडांच्या शस्त्रक्रियेंत वापरली गेली. केसांसाठीं ती या शतकांत आली. मधल्या अवस्थेंतील विरळतेंत कांहीं रुग्णांस तिचा मध्यम लाभ झाल्याचें अनेक लहान प्रयोगांत दिसलें आहे. पण रक्त किती फिरवावें, किती टोंचावें, कितीदां टोंचावें, हें प्रत्येक प्रयोगांत निराळें असल्यानें ठाम प्रमाण ठरलेलें नाहीं, आणि लाभ टिकविण्यासाठीं तो उपचार पुनःपुन्हां घ्यावा लागतो. खर्चाचा हिशेब करतांना एका वेळेचा आंकडा विचारून थांबूं नये.

दुसरा उपचार बारीक सुयांच्या रुळानें टाळू टोंचण्याचा. याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या मुंबईंतच झाला. शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. रचिता धुरत व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १०० पुरुषांवर बारा आठवडे तो करून २०१३ सालीं प्रसिद्ध केला. निम्म्यांस नुसतें मिनॉक्सिडिल, निम्म्यांस त्याच्या जोडीला सुया. ठराविक भागांतील केसांच्या गणनेंत सरासरी वाढ पहिल्यांत २२ ची व दुसऱ्यांत ९१ ची झाली. सुश्रुताच्या फांसण्या कोणास येथें आठवल्या तर तें साहजिक आहे. पण तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें अशी बढाई मारूं नये. सुश्रुतानें उपाय सांगितला; मुंबईच्या डॉक्टरांनीं शंभर माणसें दोन गटांत वांटलीं, आणि कोणत्या गटाचें डोकें आपण मोजतों आहों हें मोजणाऱ्यास ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली. उपाय जुना असूं शकतो. पारखण्याची ही रीत नवी आहे, आणि तिची किंमत अधिक आहे.

तिसरा गट मूलपेशींचा आणि त्यांपासून मिळणाऱ्या एक्सोसोम नांवाच्या सूक्ष्म पुटिकांचा. येथें अधिक सावध राहावें. प्रयोगशाळेंत मोठी प्रगति झाली आहे यांत शंका नाहीं. केशमुळाच्या एका फुगवट्यांत मूलपेशी राहतात हें १९९० सालीं दाखविलें गेलें, आणि जखम भरतांना उंदराच्या कातडींत नवीं केशमुळें उगवतात हें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु उंदीर निराळा आणि मनुष्य निराळा. मनुष्याच्या टकलावर नवें केशमूळ निर्माण करणारा मान्य उपचार आजवर झालेला नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या कांहीं विकारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ रीतसर चांचणींतच व्हावा असें म्हटलें आहे, आणि अमेरिकेच्या औषधखात्यानें डिसेंबर २०१९ मध्यें एक्सोसोमच्या मालाविषयीं लोकांस जाहीर इशारा दिला. ज्या गोष्टीची चांचणी चालू आहे, तिच्यासाठीं रुग्णाकडून भरमसाट पैसे घेणें हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं.

कायदाहि या बाबतींत मुका नाहीं. औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांच्या नियमांस जोडलेल्या ‘जे’ अनुसूचींत, ज्या विकारांस बरें करण्याचा दावा औषधाच्या नांवानें करतां येत नाहीं त्यांची यादी आहे, आणि त्या यादींत टक्कल व नवे केस उगविणें यांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं केशरोपणाविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं आणि एखादी कार्यशाळा किंवा चित्रफीत पाहून हें काम कोणास करतां येणार नाहीं, त्यासाठीं रीतसर शिक्षण लागतें, असें बजाविलें. असें बजावावें लागलें यांतच पुष्कळ आलें.

आतां ज्या आईबापांच्या प्रश्नानें आपण आरंभ केला, त्यांच्याकडे परत येतों. उपचार घ्यावा कीं नाहीं हें मी सांगणार नाहीं. तें डॉक्टरांचें काम. पण पैसे भरण्यापूर्वीं जुन्या वैद्यांचे पहिले दोन प्रश्न विचारावे. गळती कोणत्या जातीची आहे? एकाएकीं कीं हळूहळू? मागील तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, कडक उपवास, नवें औषध असें कांहीं झालें आहे काय? मुलीच्या रक्तांतील लोह आणि थायरॉइड ग्रंथीचें काम तपासलें आहे काय? मग दुसरा प्रश्न: येथें केशमुळें अद्याप जिवंत आहेत काय, आणि या उपचारानें काय होईल, किती टिकेल, व न केल्यास काय होईल? या प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या हातीं डोकें द्यावयास हरकत नाहीं. जो उत्तर न देतां छायाचित्रांचा संग्रह पुढें करतो आणि आजच पैसे भरल्यास सवलत सांगतो, त्याच्या जिन्यावरून निमूटपणें खालीं उतरावें. धुळें व जळगांव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथील त्वचारोग विभागांत पहिला सल्ला अल्प खर्चांत मिळतो, आणि तेथें कोणाला कांहीं विकावयाचें नसतें.

शेवटीं मुलांविषयीं एक शब्द. केस गेल्याचें दुःख त्यांना होतें तें आरशामुळें थोडें आणि आपल्या बोलण्यामुळें फार. स्थळ पाहतांना केसांची चौकशी आपणच करतों, लग्नाच्या पंगतींत टकलावर विनोद आपणच करतों, आणि मग मुलगा कर्ज काढून टाळू टोंचून घेतो तेव्हां त्याला उधळ्या म्हणतों. बोंडगांव-कालवडच्या मुलींचे केस पुन्हां आले, पण मोडलेलीं लग्नें कोणत्याहि औषधानें जुळून आलीं नसतील. त्या विकाराचें कारण शास्त्रज्ञांनीं गव्हांत शोधलें; त्याच्या अपमानाचें कारण मात्र माणसांत होतें, आणि तें दूर करण्यास ना सुई लागते ना तेल. तेवढें आपण आपापल्या घरापासून करूं या, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.